मागचं फाटक आणि एक ठराव

"जरा हे टोक धरता का, प्लीज?"

ती वळली. भुरभुर पाऊस होता, शाळा सुटायला थोडा अवकाश होता, आणि फाटकापाशी एक उंच, भिजलेला माणूस मोजपट्टीचं टोक पुढे करून उभा होता. त्याच्या चष्म्याची एक काडी चक्क दोऱ्याने बांधलेली! दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणाऱ्या मुलीला हे बघवणं शक्यच नव्हतं. तिने टोक धरलं, पण नजर त्या दोऱ्यावरून हटेना.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "आमच्या गटातले आजोबा म्हणालेच होते, गटाकडून कुणीतरी रस्ता मोजायला येणार म्हणून."

"नाही, म्हणजे मी—"

पण तो पुढे काही बोलायच्या आत तिची गाडी सुटली होती. आणि एकदा सुटली की ती थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं.

गट म्हणजे शाळेतल्या मुलांच्या आया, दोन-तीन वडील, एक निवृत्त पोस्टमन आजोबा आणि ही. हिचं स्वतःचं मूल नव्हतं. भावाची मुलगी दुसरीत होती, तिला न्यायला ही दुपारी दुकान बंद करून यायची. भाची आत्या म्हणायची, म्हणून सगळी मुलं आत्या म्हणायची, मग त्यांच्या आया, आणि शेवटी आजोबासुद्धा.

शाळेचं फाटक थेट ट्रकच्या रस्त्यावर उघडायचं. मागे शांत गल्लीत दुसरं फाटक होतं, त्याला कुलूप. महिन्यापूर्वी भाचीचा हात हिच्या हातून निसटला आणि ट्रक इतक्या जवळून गेला, की पोरीचा फ्रॉक वाऱ्याने उडाला. गटाचं मागणं एवढंच होतं, की मागचं फाटक उघडा.

"आणि शाळा मंडळ काय करतंय? पुढचंच फाटक मोठं करतंय! वर कमान! म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कुठल्या शहाण्याने आराखडा काढलाय, देव जाणे. त्याला पाठीला दप्तर लावून शाळा सुटताना इथे उभं करायला हवं!"

"हो..." तो हळूच म्हणाला. "उभं करायलाच हवं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी तो पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. तो मुलांकडे बघायचा, ट्रककडे बघायचा, काहीतरी रेखाटायचा आणि मधूनच तिच्याकडे बघायचा. ती बघत नाहीये असं समजून! डोळे तपासणारीपासून नजर लपवायला निघाला होता बिचारा.

"चष्मा द्या इकडे," एके दिवशी तिने हातच पुढे केला. "काडी बसवून देते."

"त्याच्याशिवाय मला दिसणार नाही."

"फार बघण्यासारखं काही नाहीये इथे."

"ते मी ठरवीन ना..." असं म्हणून तो स्वतःच लाजला. चष्मा देताना बोटं बोटांना लागली. दोघंही जरा जास्तच लक्ष देऊन ट्रककडे बघायला लागले.

"आणि हो," तो म्हणाला, "सगळे तुम्हाला आत्या म्हणतात. मला तेवढं सोडून काहीही सांगा... आत्या म्हणणं जमायचं नाही."

ती इतकी हसली, की भाचीने घरी जाऊन चहाडी केली. वहिनी रात्रीच्या पोळ्या लाटताना उगाचच गुणगुणत होती आणि हिच्याकडे बघून भुवया उडवत होती.

मंडळाच्या सभेच्या आदल्या दिवशी तो गंभीर होता. "मला तुम्हाला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं..."

काय सांगणार ते आपल्याला कळलंय, असं तिला वाटलं. "उद्या," ती घाईने म्हणाली. "सभा झाली की..." आणि भाचीचा हात धरून जवळजवळ पळालीच.

सभा शाळेच्या सभागृहात होती. नियम असा, की लोकांनी मागे बसायचं आणि निर्णय झाल्यावर बोलायचं. वरातीमागून घोडं! अध्यक्षबाई करड्या आवाजात म्हणाल्या, "नव्या फाटकाचा आराखडा आता आपले वास्तुविशारद मांडतील."

आणि पहिल्या रांगेतून तो उठला.

तिने बसवलेली काडी तिला इथून दिसत होती. कानशिलं तापली. म्हणजे आपण ज्याच्यापुढे मन मोकळं केलं, तो शत्रूच्या गोटातला? आणि त्याला सांगायचं होतं ते हे होतं? तिला फाटकाचं वाईट वाटत होतं की स्वतःचं, तेही कळेना. डोळे मात्र भरून आले.

"हा आराखडा मी मांडणार नाही," तो म्हणाला.

"तो मी टेबलावर बसून काढला. नंतर शाळा सुटताना फाटकाशी उभा राहिलो. पुढचं फाटक कितीही मोठं केलं, तरी मुलं ट्रकच्याच तोंडाशी बाहेर पडणार. माझी चूक झाली. आणि ती दाखवणारी माणसं मागे बसलीत. निर्णयाआधी त्यांना बोलू द्या."

"असा नियम नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही आराखडा मांडणार नसाल, तर हे काम आम्हाला दुसऱ्याला द्यावं लागेल."

"द्या. पण आधी त्यांना ऐका."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगांकडे. "बोला," शेवटी त्या म्हणाल्या. "कोण बोलतंय?"

ती उठली. निसटलेल्या त्या हाताबद्दल ती बोलली, तेव्हा सभागृहात कुणी हललंसुद्धा नाही. त्या संध्याकाळी दोन गोष्टी ठरल्या. मागचं फाटक सोमवारपासून उघडणार, आणि यापुढे लोक आधी बोलणार, निर्णय नंतर होणार. त्याचं काम मात्र गेलं ते गेलंच.

बाहेर पायऱ्यांवर गटाचा नुसता कल्ला चालला होता. तो कडेला उभा होता.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" तिने विचारलं. आवाज अजून दुखावलेला होता.

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?" मग तो खाली बघत म्हणाला, "नाही... तसं नाही. नंतर सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलं असतं. त्याची भीती वाटली. काम जाण्याची नाही वाटली तेवढी."

ती राग शोधायला गेली, तर तो जागेवर नव्हता.

"तुमच्या गटाची पद्धत आहे ना, जे असेल ते सगळ्यांसमोर मांडायचं?" त्याने श्वास घेतला आणि आवाज चढवला. "मग मी मांडतो. मला... मला या आवडतात. जन्मभर यांचं ऐकून घ्यायची माझी तयारी आहे."

कल्ला एकदम थांबला.

"अनुमोदन!" आजोबा ओरडले.

"पण कमावतोस काय आता?" एका आईने विचारलं. "स्वयंपाक येतो का?" दुसरीने. सभेला आलेली वहिनी तर थेट पत्रिकेपर्यंत पोचली. प्रत्येकाला मत होतं, आणि प्रत्येकाला ते आत्ताच द्यायचं होतं.

ती लालेलाल झाली. मग तिने त्याचा हात धरला, घट्ट, निसटणार नाही असा.

"थांबा सगळे!" ती म्हणाली. "या विषयावर लोकांचं मत घेतलं जाणार नाही." आणि त्याच्याकडे वळून, फक्त त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "चल... तुला मागच्या गल्लीत गेल्यावर सांगते."