मनकर्णाबाईंनी दिलेला क्यू

भुताला रात्रच लागते हे ज्यानं ठरवलं, त्याला एकदा चुडाव्याला पाठवा. ही गोष्ट भर दुपारी घडली. मागच्या दिवाळीनंतरचा गुरुवार, स्टेशनजवळचं घर. खोटं वाटत असेल तर भुजंगरावांनाच विचारा. शिव्या खाऊन परत याल, पण गोष्ट खरी आहे.

भुजंगरावांचा चेहरा तुम्ही पाहिलाय. नाव तुम्हाला माहीत नसणार, आणि तेच त्यांचं दुखणं. सिनेमा-मालिकांत अडतीस वर्षं काढली. हवालदार झाले, तलाठी झाले, हिरोईनचे बाप तर कितीदा झाले. पूर्णेच्या स्टँडवर लोक अजून अडवतात. "तुमी टीव्हीत दिसता ना? नाव काय वो तुमचं?"

असं विचारलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. मनकर्णाबाई. तिनं जन्म गावातच काढला. हे मुंबईहून आले की संवाद पाठ करायला तिलाच समोर बसवायचे. ती लसूण सोलत समोरच्याच्या ओळी वाचायची. एकदम सपाट, शाळेतला धडा वाचावा तशी. वर कंसातल्या सूचनाही मोठ्यानं वाचायची. 'कंसात हसते.' भुजंगराव खेकसायचे, कंस वाचायचा नसतो म्हणून. तीस वर्षं सांगितलं. तीस वर्षं तिनं वाचला.

त्या गुरुवारी सकाळी मंजुषाचा फोन आला. ही मुंबईची मुलगी मालिकांना नट मिळवून देते. म्हाताऱ्या नायकाचा रोल होता, अख्खी मालिका त्याच्यावर. चारच्या आत घरूनच व्हिडिओ करून पाठवायचा. समोर बायकोचं पात्र, तिच्या ओळी कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाचायच्या. त्याला क्यू देणं म्हणतात.

आता क्यू देणार कोण? शेजारच्या धुरपताबाईंना वाचता येत नाही. भावकीतला बापू आला, तो पहिल्याच ओळीला खो खो हसत सुटला. त्याला हाकलला.

मग भुजंगराव एकटेच उभे राहिले. मोबाईल खिडकीत ठेवला. आपली ओळ म्हणायची, तिच्या ओळीइतकं थांबायचं, पुढची म्हणायची.

पहिल्यांदा गाडी गेली. दुसऱ्यांदा शेजारी मळणी यंत्र सुरू झालं. तिसऱ्यांदा ओळच विसरले. सहा वेळा बोंब झाली. माणूस रडकुंडीला आला हो.

सातव्यांदा...

सगळं शांत झालं.

यंत्र बंद. कुत्रं नाही. कावळा नाही.

"मी आलो," ते म्हणाले. थांबले.

"रागावलीस?" पुन्हा थांबले.

अडतीस वर्षांत असं काम झालं नव्हतं. खुशीत त्यांनी व्हिडिओ लावून पाहिला.

"मी आलो."

आणि मधल्या मोकळ्या जागेत...

"उशीर केलात. कंसात डोळे पुसते."

भुजंगराव दाराकडं धावले.

दार उघडलं. अंगणात कुणी नाही. धुरपताबाई ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी कुणाला येता-जाता पाहिलं नव्हतं.

पुन्हा लावला. तोच आवाज. तोच कंस.

पावणेचार झाले. दुसरा कुणी असता तर देवापुढं जाऊन बसला असता. भुजंगरावांनी व्हिडिओ पाठवून दिला. इतक्या वर्षांनी दारात आलेला रोल कोण सोडणार?

संध्याकाळी मंजुषाचा फोन आला.

"काका, तुमचं ठीक आहे म्हणाले. पण क्यू देणाऱ्या त्या कोण? दिग्दर्शक वेडे झालेत. इतकं खरं कुणी बोललंच नाही म्हणे. घेतलं तर जोडीनंच घेणार, नाहीतर नाही."

ठीक! हयात घातली, आणि पदरात काय, तर ठीक. बायको जिवंत असताना तिचा कधी आला नव्हता एवढा राग भुजंगरावांना त्या क्षणी आला.

"आहेत का त्या घरी?"

"हाय की," भुजंगराव म्हणाले. "इथंच बसलीय."

बोलून गेले, आणि त्यांच्याच अंगावर काटा आला.

पुढचा सीन सोमवारपर्यंत द्यायचा होता. शुक्रवारी त्यांनी तिला हुकूम सोडला. शनिवारी शिव्या घातल्या. रविवारी मोबाईलपुढं हात जोडले.

"मनकर्णे, एक डाव बोल. एवढा एकच डाव."

काही नाही.

सोमवार गेला. रोल दुसऱ्या जोडीला गेला.

तरी अजून रोज दुपारी ते दार लावून बसतात. आपली ओळ म्हणतात, थांबतात, मग लावून ऐकतात. तिच्या जागेत काहीच ऐकू येत नाही.

काहीच म्हणजे... काहीच नाही.

गाडी जाताना भिंती हादरतात, पण व्हिडिओत गाडीचा आवाज येत नाही. डोक्यावरचा पंखा ऐकू येत नाही. त्यांचा स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही. त्यांची ओळ सुरू झाली की सगळं परत ऐकू येतं.

"तिथंच हाय ती," भुजंगराव दाराकडं बघत म्हणतात. "समदं ऐकायलीय. मुद्दाम बोलंना."