जमनीचा मुका सिनेमा

बसा पोट्टेहो, कंदिलाची वात जरा खाली करा. मारोती माहा जोडीदार होता, तंबू टॉकीजचा आपरेटर. थापा मारणारा माणूस नव्हे. सन एकसष्ट, चैत्राची अवस, शनिवार. दुपारी तो सायकल घेऊन दारव्ह्याच्या स्टेशनवर गेलता. मुंबईहून धुऊन आलेला सिनेमाचा डबा आणायचा होता. करिअरले बांधला, वाटेत चहा पेला, परत आला.

सिनेमा कोणाचा? विठ्ठलरावचा. संत्र्याच्या बागेचा मालक, अकलेचा कांदा! एक जुना कॅमेरा काय आणला, लेकाचा डायरेक्टर झाला. तोही कॅमेरा मुका, आवाज धरायची सोयच नाही. कोणती बाई याच्या सिनेमात काम करते? म्हून दंडारीच्या नाटकात बाई बनणाऱ्या उकंड्याची मिशी उतरवली अन् त्याले लुगडं नेसवलं. खेळाच्या वेळी बोलायचंही उकंड्यानंच, पडद्यामागं बसून.

गोष्ट मात्र खरी उचलली होती. तीन वर्षांआधी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची जमनी याच्याच बागेत कामाले गेलती, अन् याच्याच विहिरीत मेलेली सापडली. 'नवऱ्यानं ढकलली,' म्हून पहिली बोंब यानंच ठोकली. सिनेमातही तेच. जमनीचं भूत येते अन् नवऱ्याचा, हिरासिंगचा, सूड घेते. आपलं शेण दुसऱ्याच्या अंगणात टाकायची रीत पाहा! दुसऱ्या दिवशी तांड्याच्या नायकासमोर पंचायत होती. हिरासिंगले दोन लेकरांसकट तांड्याबाहेर काढायचं का, ते ठरणार होतं. म्हून त्या रात्री अख्ख्या तांड्याले खेळ फुकट.

"पाहाजो मारोती, उद्या पंचायतीत मले तोंड उघडायचं कामच पडणार नाई," विठ्ठलराव म्हणाला.

"तुम्ही म्हणान तसं, मालक," मारोती बोलला. मनात म्हणाला, थू तुह्या जिनगानीवर.

पावणेदहाले खेळ सुरू झाला. हिरासिंग पुढंच बसला होता, मान खाली, दोन्ही लेकरं मांडीवर. पडद्यावर लुगड्यातला उकंडा आला, तशी लोकं खिदळली. पडद्यामागून त्याचा चिरका आवाज आला, "मले न्याय पायजे!" लोकं अजून हसली. मारोतीलेही हसू आवरेना.

मग विहिरीचा सीन आला. अन् आवाज बदलला.

बाईचा आवाज. हळू. तांड्याच्या गोर बोलीतला.

वा रे उकंड्या, मारोतीले वाटलं. तेवढ्यात त्याचा दंड कोणीतरी घट्ट धरला. पाहतो तर उकंडा! घामानं निथळून राह्यलेला.

"मारोती... पडद्यामागं कोण हाय?"

"तूच ना बे?"

"मी तं इथं हाय. अन् मले ती बोली कुठं येते?"

आवाज चालूच होता. आता कोणी हसत नव्हतं.

मशीनजवळ तांड्यावरची म्हातारी रामीबाई बसली होती. मारोती तिच्याकडं वाकला. "काय म्हणते, माय?"

"जमनी हाय ते..." म्हातारीनं पदर तोंडाले लावला. "म्हणते, मले नवऱ्यानं नाई ढकललं. बागेच्या मालकानं हात धरला. मी ओरडली. मंग त्यानं..."

म्हातारीनं पडद्यावरच्या विहिरीकडं बोट केलं.

हिरासिंग उभा राहिला. एक हुंदका. बस. साऱ्या माना मागं वळल्या. मागं विठ्ठलराव.

"बंद कर! मारोत्या, बंद कर ते!"

मारोतीनं मशीन बंद केली. पडदा काळा. अंधार.

आवाज... चालूच.

विठ्ठलराव पळाला. धोतरात पाय अडकून पडला, उठला, पळाला. जोडे तिथंच. मोठा डायरेक्टर! बाईच्या जिवावर उठताना मर्द, अन् ती दोन शब्द बोलली तं शेपूट पायात.

तो गेला, अन् त्याच्यामागं आवाजही गेला.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत नायकानं हिरासिंगच्या लेकरांच्या डोक्यावर हात ठेवला. हिरासिंग तांड्यातच राह्यला. विठ्ठलराव घरी नव्हता. बागेतही नव्हता. नंतर कोणाले दिसलाच नाही. मले विचाराल तं, बरं झालं.

आठ दिवसांनी, रिकाम्या तंबूत, मारोतीनं तीच रीळ पुन्हा चढवली. विहीर होती. संत्र्याची झाडं होती. हिरासिंग बनलेला नट हात जोडून, गुडघ्यावर बसून गयावया करून राह्यला होता. कोणासमोर?

समोर कोणीच नव्हतं. पुऱ्या रिळात ती लुगड्यातली बाई कुठंच नव्हती.