मागच्या पायरीवरचा घास

संचिताला परदेशात नर्सची नोकरी लागली तर ती राहील त्या गावच्या अनाथ पोरांना माझ्या हातचं जेवायला घालीन, असा नवस मी रामेश्वराला बोलले होते. तो फेडायला गेल्या नाताळात स्कॉटलंडला गेले. भक्ती, संचिता नर्स आहे त्याच अनाथ पोरांच्या संस्थेत तूही आता कामाला निघालीस म्हणून सांगते. दिव्याची वात जरा पुढे सार गो, वारा सुटलाय.

नाताळात तिथली माणसं सुट्टीवर जातात, म्हणून संचिताने मला स्वयंपाकघरात मदतीला लावलं. मी बिडाचा तवा आणि तांदळाचं पीठ इथूनच नेलं होतं. रोज घावणे घालायचे. मॉरा म्हणून संस्था सांभाळणारी बाई होती, ती घावणा उजेडासमोर धरून हसायची, "ही तर जाळीची ओढणी!" मी देवाचं नाव घेत तवा पुसला की संचिता चिडवायची, "आई, तुज्या रामेश्वराक हय येवक व्हिसा लागतलो हां!"

पोरं खायची. फ्लोरा तेवढी खायची नाही. पाच वर्षांची पोर, आई गेल्यापासून गप्प. मी घास धरला की तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर नळीने भरवावं लागेल.

नाताळच्या आदल्या दिवशी ती दिसेनाशी झाली. चारच वाजले होते, पण तिथे चारला काळोख होतो. बर्फ पडत होता. सगळे बॅटऱ्या घेऊन धावले.

"आई, तू भितर ऱ्हव, पोरांका बघ," संचिता म्हणाली. "भायर निसरडा आसा, पडशीत."

भीती वाटली असं नाही गो. काहीच वाटत नव्हतं. मागच्या बंद दाराशी आत उभी होते, थंडीने बोटं मेली होती आणि मनही तसंच. आपल्याकडे असं झालं की काय करतात? गाऱ्हाणं घालतात; एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मी मेणबत्ती लावली, एक घावणा उंबऱ्याशी ठेवला. पण आपला देव सातासमुद्रापलीकडे. तिथली जागा राखणाऱ्या राखणदाराचं नाव मला कुठलं ठाऊक? तशीच बोलले...

"बा देवा म्हाराजा, जो कोण ह्या जाग्यार आसशीत, तेका गाऱ्हाणा घालतंय. चेडू वाट चुकलाहा. ता सुखरूप हाड. रोज तुजो घास भायर काढून ठेवतलंय."

"व्हय म्हाराजा..."

बारीक आवाज. एकाचा नव्हे, बऱ्याच जणांचा. मागे वळले, तर पोरं आत टेबलाशी चित्रं रंगवत होती. एकानेही मान वर केली नव्हती. भिजलेल्या लोकरीसारखा वास आला आणि गेला.

दार उघडलं तर फ्लोरा पायरीवर. केस कोरडे. बर्फात तिच्या पावलांचा ठसा नाही. हात ऊन ऊन, नुकते कुणी आपल्या हातात धरून ठेवावेत तसे. उंबऱ्याशी ठेवलेला घावणा तिने उचलला आणि खाल्ला. मी तिथेच बसून रडले, पण ते रडणंसुद्धा लांबून ऐकल्यासारखं वाटलं.

पुढे रोज पायरीवर घास ठेवला. सकाळी ताट स्वच्छ. "कोल्हा असेल," मॉरा म्हणायची. मला बरं वाटायचं. पोर वाचली, आणखी काय हवं?

जानेवारीत परत आले. घास चुकवू नकोस म्हणून संचिताला विनवलं, तर ती हसली. वर्षभर तिथे कुणी काही ठेवलेलं नाही. फ्लोरा अजूनही टेबलावर जेवत नाही म्हणे. पण तिचे गाल भरलेत, वजन वाढलंय. डॉक्टरही चक्रावलेत.

परवा संचिताने फोटो पाठवला. बर्फ, मागची पायरी, फ्लोरा बसलेली, तोंड वर करून उघडलेलं. तिच्या ओठांशी घावणा आहे, पातळ, जाळीदार, अर्धा खाल्लेला. तिचे दोन्ही हात मांडीवर आहेत, आणि भरवणारं कुणी फोटोत नाही.

तवा माझ्याकडे आहे, भक्ती. पीठ तिथे उरलेलं नाही.

तो तवा तू घेऊन जा. फ्लोराला रोज तुझ्या हातचं भरव, ती घेईपर्यंत. आणि निघण्याआधी मी रामेश्वराला बोलले तसा एक नवस तूही बोल तिच्यासाठी. मी तिथे घातलं तसं बिननावाचं गाऱ्हाणं नको, देवळात जाऊन बोल. देवाचं नाव घेऊन बोल गो...