पृथ्वीला उलटा वळसा

तो आमच्या विमान-तिकिटांच्या दुकानात शिरला तो चुकून. बॅगेचा तुटलेला पट्टा शिवून देणारा शेजारी बसतो. पण माझ्या टेबलावरचा पृथ्वीगोल दिसला आणि स्वारी तिथेच रेंगाळली.

"हा दोरा कशाला?"

"अंतर मोजायला. आमच्या मालक काकांचा नियम आहे, आधी दोरा, मग कॉम्प्युटर."

"मग मोजा ना..." त्याने आमचं शहर दाखवलं आणि पार समुद्रापलीकडचं दुसरं एक. मी दोरा ताणला.

"नऊ हजार दोनशे किलोमीटर. थेट विमानाने साडेअकरा तास."

"एवढंच?" तो गालात हसला. ते हसणं मला भलतंच आवडलं, आणि मी नको ते विचारून बसले.

"कोण आहे तिकडे?"

"आहे एक... डोळ्यांची डॉक्टर. कॉलेजपासूनची. लग्नाचं विचारतेय."

झालं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा हजर. पट्टा धडधाकट, प्रश्न तोच. "थेट विमान बंद झालं," मी ठोकून दिलं. "एक थांबा. एकोणीस तास." त्याच्या पुढच्या गुरुवारी दोन थांबे, सत्तावीस तास! तो मान डोलवायचा, पाणी प्यायचा, जायचा. मी मात्र आठवडाभर त्या न पाहिलेल्या बाईवर जळत बसायचे. तिला चष्मा असेल का? असू दे, चांगला जाड भिंगांचा.

चौथ्या गुरुवारी म्हणाला, "परवाचं तिकीट हवंय. आज नीट मोजा."

मी घाईघाईने दोरा ताणला. "तीस हजार आठशे!"

"दोरा उलट्या बाजूने नेलात," तो हळूच म्हणाला. "पृथ्वीला मागून वळसा घालून."

बघते तर खरंच. कान तापले माझे. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"विमानतळावर विमानांचे मार्ग आखतो मी. ते थेट विमान रोज सुटतं, माझ्याच नकाशावरून."

"मग... विचारायला कशाला यायचात?"

"पहिल्यांदा बघत होतो, तुमचा दोरा खरं सांगतो का. नंतर बघत होतो, तुम्ही कधी खरं सांगताय." त्याने दोरा सोडवून टेबलावर ठेवला. "तिला नाही म्हणायला जातोय. इतक्या वर्षांची मैत्रीण, फोनवर सांगणं बरं दिसत नाही. पण जाण्याआधी... काही सांगायचंय?"

"तुम्ही मला आवडता," मी एका दमात म्हटलं. "आणि ती अजिबात आवडत नाही."

तो इतका मोठ्याने हसला, की आतून काका डोकावले.

दोन्ही तिकिटं मी थेट विमानाची काढायला घेतली. परतीचं आधी.

"चार तास भेटेन, मग संध्याकाळच्या विमानाने परत," तो म्हणाला.

मी पुन्हा वेळापत्रक बघितलं.

"दुपारचंही एक आहे. दीड तास पुरे."