तंबू : अर्थ तिसरा

तंबू (नाम, पुल्लिंगी)
१. कापडाचा, उतरवून दुसरीकडे नेता येणारा निवारा.

एवढं लिहून मी आदल्या संध्याकाळी घरी गेले होते. सकाळी मैदानाच्या कडेनं ऑफिसला चालले होते, वारा सुटला होता, आणि कुणीतरी माझ्या हातात एक दोर कोंबला.

“धरा. सोडाल तर सगळं माझ्या डोक्यावर.”

“अहो, मी ऑफिसला चाललेय.”

“मीही ऑफिसातच आहे.”

माणूस दिसत नव्हता. कापडाच्या पोटातून नुसता आवाज येत होता. मी टाचा मातीत रोवून उभी राहिले. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला — केसांत गवत, ओठांत सुतळी. माझ्या चपलांकडे बघून हसला.

“खुंटीचं काम चोख केलंत. फक्त खुंटी एवढी बोलत नाही.”

“या दोराला काय म्हणतात?”

“तणावा.”

मी पेन काढून तळहातावर लिहून घेतलं.

“लोक फोन नंबर घेतात,” तो म्हणाला. “तुम्ही दोराचं नाव घेता?”

“मी शब्दकोशाच्या कार्यालयात असते. आमचं सध्या ‘त’ चालू आहे.”

“मग कारखान्यात या की. माझ्याकडे ‘त’ भरपूर आहेत.”

२. (खेळ) बाद झालेला फलंदाज परततो ती जागा.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. एक जाडजूड शिलाई मशीन, मेण लावलेला दोरा, आणि सगळ्यावर कोऱ्या कापडाचा वास. तो तंबू शिवायचा, त्याचे वडील-आजोबा कुणी शिवत नव्हते. हे त्याचं त्यानं शिकलेलं. मी दर शनिवारी दुपारी जाऊ लागले. कामासाठी. वहिनीला असंच सांगितलं होतं.

“अजून ‘त’च?” वहिनी म्हणायची. “मग ‘ल’ येईपर्यंत मला नातवंडं होतील.” ‘ल’ म्हणजे लग्न, हे ती भांडी आपटून समजवायची.

रेडिओवर सामना चालू असायचा. कुणीतरी बाद होऊन तंबूत परतला, की तो मशीन थांबवायचा.

“आऊट झालेल्यालाच तंबूत का पाठवतात? आत येणं म्हणजे हरणं का?”

“मी फक्त अर्थ लिहिते. भांडण निवेदकाशी करा.”

“आणि ताणायचं म्हणून तंबू, बरोबर?”

“चूक. तो फारसीतून आला. लांबच्या काही भाषांत तंबूचा शब्द ताणण्यावरून आलाय खरा. आपल्यात नाही.”

“आपल्यात…” तो कापडाची कड दुमडत म्हणाला, “आपल्यात कुणी ताणत नाही म्हणता?”

मी कार्डं चाळू लागले. कान तापले होते, आणि त्यानं ते पाहिलं होतं.

(कार्डांविषयी.)
आमच्या कोशात प्रत्येक अर्थाला एक वाक्य लागतं. बनवलेलं चालत नाही. जिवंत माणसानं, सहज बोलताना उच्चारलेलं हवं. ते कार्डावर लिहायचं, खाली तारीख, बोलणाऱ्याचा व्यवसाय, आणि शेवटी त्याची सही.

३. तात्पुरता आसरा.

या अर्थाला वाक्य मिळत नव्हतं. वर्तमानपत्रांतली होती — सगळी मेलेली.

त्या शनिवारी त्यानं नवा तंबू उभा केला होता. शिवणी गळतात का ते बघायचं होतं. मला आत बसवलं आणि बाहेरून पाइपनं पाणी सोडलं.

“गळतंय?”

“नाही.”

“आतून बोट लावू नका हं. लावलं की तिथूनच पाझरतं.”

मी अर्थातच लावलं. एक थेंब मनगटावरून कोपरापर्यंत सावकाश उतरला. तेवढ्यात तो आत आला, अर्धा भिजलेला. थेंब बघितला. मग माझ्या हाताशेजारी, कापडावर, त्यानंही एक बोट टेकवलं.

दोन्हीकडून पाणी येत होतं आणि आम्ही दोघं ते बघत बसलो होतो.

मग तो बोलला. सात वर्षांचा होता तेव्हा नदीनं घर नेलं. अकरा महिने छावणीत, चौघं एका तंबूत. हे तो कुणाला सांगत नसे. मला सांगितलं. शेवटी एक वाक्य बोलला. मी त्याच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

“मला एका छावणीचं काम मिळालंय,” तो म्हणाला. “दूर आहे. दोन वर्षं. बुधवारी निघायचं.” आणि मग, पहिल्यांदाच — “येशील?”

“विचारतोयस की सांगतोयस?”

“विचारतोय. घाबरत घाबरत.”

“बुधवारी सांगते,” मी म्हटलं. उत्तर तेव्हाच ठरलं होतं. उगाच ताणलं, झालं.

घरी रडतच गेले. तोंड धुतलं. आणि टेबलाशी बसून कार्ड लिहिलं.

(तपासणी.)
सोमवारी कोशाची बैठक. धंद्यातल्या शब्दांसाठी त्या त्या कारागिराला बोलावतात, तसं त्यालाही बोलावलं होतं. मीच पत्र पाठवलं होतं, महिन्यापूर्वी. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खुर्चीच्या टोकावर बसला. तणावा, मेख, कनात… एकेका शब्दाला मान डोलावत गेला. मधेच माझ्याकडे बघून भुवई उडवली.

मुख्य संपादक बाईंनी पुढचं कार्ड उचललं. तीन नंबरचं. मी ते गठ्ठ्यात ठेवलं होतं. त्याला विचारून सही नंतर घेऊ, असं स्वतःला सांगितलं होतं.

बाईंनी वाचलं : “‘आईनं ज्या दिवशी तंबूला घर म्हणायला सुरुवात केली, त्या दिवशी बाबा निघून गेले.’” मग चष्मा काढला. “काय वाक्य आहे. चाळीस वर्षांत असं आलं नाही आपल्याकडे. कुणाचं?”

कुणीतरी “वा” म्हणालं.

“माझं,” तो म्हणाला. “पण ‘म्हणायला सुरुवात केली’ नाही. ‘म्हणायला लागली’ म्हणालो होतो.”

बाईंनी दुरुस्ती केली. कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं सही केली, नीट, वळणदार अक्षरात.

जिन्यात मी त्याला गाठलं.

“मी ते काढून टाकते. आत्ता.”

“काढा,” तो म्हणाला. ‘काढ’ नाही म्हणाला. “बुधवारी दहाला टेम्पो निघतोय.”

बाईंना सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “बोलणाऱ्यानं सही दिलीय. तरी? असं वाक्य पुन्हा मिळणार नाही, मुली.”

“तरी.”

“तुझी नोंद आहे. तू बघ.”

मी कार्ड पर्समध्ये टाकलं.

(बुधवार, सकाळी दहा.)
शेड रिकामी. मशीन टेम्पोत दोरांनी बांधलेलं. माझ्या हातात बॅग होती. वहिनीनं न विचारता भरून दिलेली, वर म्हणाली होती, “ब्लाउज चार ठेवलेत. कमी पडले तर तिकडे तंबू कापून शिव.”

मी कार्ड त्याला दिलं. त्यानं वाचलं नाही. तारीख बघितली.

“शनिवारची आहे.”

“हो.”

“त्याच संध्याकाळी लिहिलंस.”

“हो.”

“मला वाटलं, तू रडत घरी गेलीस.”

“रडतच गेले. खरंच.” पुढचं बोलायचं नव्हतं, पण खोटं बोलायची हिंमत नव्हती. “मग लिहिलं.”

त्यानं कार्डाचे चार तुकडे केले आणि शर्टाच्या खिशात ठेवले. मला वाटलं, आता तो बॅग उचलेल. हात पुढे केलासुद्धा त्यानं… मग मागे घेतला.

“पाठ आहे तुला?”

मी खाली बघितलं.

“दुरुस्तीसकट?”

“…दुरुस्तीसकट.”

तो हसला. मैदानावर हसला होता तसाच, फक्त थकलेला.

“तू वाईट नाहीस गं. राग जाईल माझा, पंधरा दिवसांत जाईल. पण मला धड बोलता येत नाही कुणाशी. तुझ्याशी येत होतं. आता तोंड उघडायच्या आधी मी वाक्य नीट करीन. दोन वर्षं… एका तंबूत… नीट केलेली वाक्यं बोलायची?”

“मी पुन्हा लिहिणार नाही.”

“लिहिणार नाहीस. पण ऐकशील तसंच.”

तो खरं तेच बोलत होता.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तो टेम्पोत चढला, काच खाली केली.

“बॅग जड आहे. रिक्षा करा,” तो म्हणाला. “आणि वहिनींना सांगा, माणूस बरा होता, पण कापड पातळ निघालं.”

टेम्पो वळला. मी रिक्षा केली नाही. बॅग या हातातून त्या हातात घेत चालत राहिले. सबंध रस्ताभर त्याचं ते पातळ कापडाचं वाक्य मनात घोळवत होते, एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून.

घरी आले. वहिनीला काही सांगितलं नाही. टेबलाशी बसले आणि लिहून ठेवलं.

तारीख घातली नाही.