पहिल्या विमानातला माणूस

"दुर्बीण दे ना आता," ढब्बू कुजबुजला. "माझी पाळी कधीची आलीय."

"गप. हलवू नकोस," ताई म्हणाली.

वाचनालयाच्या फरशीवर तिघं उताणी पडून छताकडे बघत होती: तेरा वर्षांची ताई, तिचा धाकटा भाऊ ढब्बू आणि त्यांची मावसबहीण चष्मिस. वर्तमानपत्रं वाचायला आलेली माणसं तोंडं वाकडी करत त्यांना वळसा घालून जात होती. छताखाली मामाआजोबांची अकरा लढाऊ विमानं नायलॉनच्या बारीक दोऱ्यांवर झेपावली होती, आणि त्यांतल्या पहिल्याच विमानाचं काहीतरी बिनसलं होतं.

मामाआजोबा म्हणजे मुलांच्या आयांचे मामा. सुट्टीला तिघं त्यांच्याकडेच उतरली होती. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली आणि दुकान बंद केल्यावर त्याच चिमट्यांनी वीत-वीतभर विमानं करायला घेतली. त्यांचे नियम कडक होते. उडतं विमान म्हटलं की चाकं पोटात, पुढच्या पात्यांच्या जागी गरगर फिरतंय असं वाटणारी पारदर्शक चकती, आणि आत वैमानिक. "आत माणूस नसेल तर ते उडत नाही, नुसतं टांगलेलं असतं," असं ते म्हणायचे.

आणि वळण घेत एका अंगावर कललेल्या पहिल्या विमानाची बैठक रिकामी होती. काल मामाआजोबांना ते दिसलं, तेव्हा ते कितीतरी वेळ मान वर करून उभे राहिले. शेंगदाण्याएवढा वैमानिक, त्याचा लाल मफलर त्यांनी चार केसांच्या ब्रशने रंगवला होता. निदान त्यांना तसं आठवत होतं. त्यांनी ग्रंथपालांना विचारलं, तर ग्रंथपाल हसून म्हणाले, "अहो, बसवायचाच राहिला असेल. वयोमानाने होतं असं. इतक्या उंचावर कोण बघतंय?"

त्या हसण्याने घोटाळा केला. घरी येऊन मामाआजोबा धड जेवले नाहीत. मागच्या महिन्यात ते गॅस बंद करायला विसरले होते, आता हे. रात्रीचं जेवण आवरल्यावर त्यांनी अवजारांची पेटी सुतळीने बांधली आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून सांगितलं, की सोमवारी शिपाई पाठवा, पेटी मुलांच्या कामी येईल.

"विसराळू माणसाने हे काम करू नये," एवढंच ते म्हणाले. ताईला आधी त्यांचा राग आला आणि मग रडूच आलं.

म्हणून आज ही दुर्बीण आणि फरशी. आता दुर्बीण चष्मिसच्या हातात होती आणि ती नेहमीप्रमाणे सगळ्यांत शेवटी बोलली. "गरम चहा पिताना माझ्या चष्म्यावर वाफ धरते ना, तसं झालंय त्या विमानाच्या बैठकीवरचं काचेसारखं झाकण. आतून पांढुरकं. बाकीची दहा लख्ख आहेत."

दुपारी तिने मामाआजोबांना साळसूदपणे विचारलं, की ही झाकणं कशाने चिकटवतात. पांढऱ्या गोंदाने, ते म्हणाले. क्षणात चिकटणारा गोंद तिथे कधीच वापरायचा नाही, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक आंधळं होतं. शिकत असताना एक विमान त्यांनी तसं घालवलं होतं, त्यानंतर ती नळी घरात आणलेली नाही.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हणजे ते झाकण दुसऱ्याच कुणीतरी चिकटवलं होतं! पण नुसत्या पांढुरक्या झाकणावर मोठ्या माणसांचा विश्वास बसला नसता. ढब्बूने थोडा विचार केला आणि स्वतःच्या चपलेचा पट्टा ओढून तोडला.

"नवी होती रे," ताई म्हणाली.

"कळलंय मला," ढब्बू म्हणाला आणि लंगडत निघाला.

ग्रंथपाल तसे प्रेमळ होते. तुटकी चप्पल बघून ते म्हणाले, "थांब, माझ्याकडे एकदम पक्का गोंद आहे," आणि त्यांनी टेबलाचा खण ओढला. खणात गोंदाची नळी होती. तिच्या शेजारी, टाचण्यांच्या डबीत, लाल मफलरवाला शेंगदाण्याएवढा माणूस आडवा पडला होता.

ताईने तो उचलून टेबलावर ठेवला. ग्रंथपालांचा चेहरा पार उतरला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पंखा दुरुस्त करताना वायरमनची शिडी विमानाला लागली. मामाआजोबांना बोलवायचं सोडून दोघांनी ते घाईघाईत चिकटवलं, आणि नंतर पाहतात तर हा टेबलाखाली. फेकून द्यायचा धीर होईना, सांगायचाही होईना.

"आमचे आजोबा स्वतःलाच विसराळू समजायला लागलेत, काका," ताई म्हणाली. "त्यांनी पेटी बांधून ठेवलीय."

हे मात्र ग्रंथपालांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते तसेच उठले आणि मुलांबरोबर चालत घरी आले. "चूक माझी, आणि खापर तुमच्या वयावर फोडलं," ते मामाआजोबांना म्हणाले. "पोरांनी पकडलं म्हणून बरं झालं. माझ्याच्याने सांगवलं नसतं."

मामाआजोबांनी वैमानिक तळहातावर घेतला. ते रागावतील असं मुलांना वाटलं होतं. पण ते खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे मी बसवला होता." डोळे पुसून झाल्यावर त्यांनी सुतळी कापली, चिमटा काढला आणि तो चष्मिसपुढे धरला. "ज्याच्या नजरेला ते पांढुरकं दिसलं, त्याच्याच हाताने माणूस आत बसला पाहिजे. आणि ढब्बू, चप्पल आण इकडे."

सोमवारी शाळेचा शिपाई दारात आला, तेव्हा टेबलावर बारावं विमान सुरू झालं होतं आणि चौघांचीही बोटं गोंदाने माखली होती.

"पेटी न्यायला आलोय. लक्षात आहे ना, आजोबा?" त्याने विचारलं.

"चांगलं लक्षात आहे," मामाआजोबा म्हणाले. "देणार होतो. आता देत नाही."