सातव्या ओळीतली लांब द्राक्षे

सातव्या ओळीतल्या तेराव्या वेलीने कस्तुरीला कोड्यात टाकले होते. वेल एकच, माती एकच, पाणीही एकाच ठिबकनळीचे. तरी एका फांदीवरची द्राक्षे बोटाच्या दोन पेरांएवढी लांब आणि बाकीची सगळी गोल गरगरीत. लांब मण्यांचे घड चारच होते, आणि चारही त्याच फांदीवर.

"रोगट," कात्री उघडत रमण म्हणाला. "कापतो."

रमण म्हणजे बागेतला रोबो. चार चाके, दोन हात आणि कपाळावर कॅमेरा. गेल्या हंगामात त्याला शिकवायचे काम सहावीतल्या कस्तुरीकडे होते. घडांचे फोटो दाखवून दाखवून ती कंटाळली आणि तिने त्याला एक सोपा नियम देऊन टाकला: सगळ्यांसारखे नसेल ते रोगट. ते कापायचे.

"थांब!" कस्तुरी फांदीपुढे उभी राहिली. "बाबा, सांगा ना याला!"

"रोग असला तर अख्खी बाग जाईल, बाळा," बाबा म्हणाले. "दुपारी आत्या येतेय. ती म्हणाली ठेवा, तर ठेवू. नाहीतर संध्याकाळच्या आत फांदी कापायची."

सुमेधाआत्या वनस्पतिशास्त्रज्ञ होती. ती पेनाएवढे एक यंत्र घेऊन आली. पानाचा तुकडा आत घातला की पेशीतला मजकूर वाचणारे. तिने लांब द्राक्षांच्या फांदीचे एक पान घातले, मग शेजारच्या फांदीचे.

"विषाणू नाही, बुरशी नाही," आत्या म्हणाली. "पण मजकुरात एक अक्षर वेगळं आहे."

"कसला मजकूर?"

"प्रत्येक पेशीत डीएनए असतो. चारच रासायनिक अक्षरांत लिहिलेली लांबलचक सूचनावही समज. त्यातली एकेक सूचना म्हणजे जनुक (गुण ठरवण्यात हात असलेला डीएनएचा तुकडा). एका पेशीच्या दोन होताना अख्खी वही पुन्हा उतरवावी लागते. त्यात एखादी चूक होते, दुरुस्त व्हायची राहते. तेच उत्परिवर्तन (जनुकीय मजकुरात झालेला कायमचा बदल)."

"मग सगळी वेलच का नाही बदलली?"

"चूक एकाच डोळ्यात, म्हणजे फांदी जिथून फुटते त्या कोंबात झाली, फांदी फुटायच्या आधी. त्या डोळ्यातून जी फांदी वाढली, तिने तीच चुकलेली वही उतरवली."

"एका अक्षराने एवढं होतं?"

आत्याने रिकाम्या क्रेटवर खडूने लिहिले: रमण बटण उचल. "पेशीसुद्धा अशीच तीन-तीन अक्षरं वाचते."

"इथे बटण नाही," रमण म्हणाला.

"तुला नाही रे सांगितलं!" आत्याने 'ब' पुसून 'म' लिहिला. रमण मटण उचल.

"हा बदल चांगला आहे," बाबा पटकन म्हणाले.

"दादा, गप. आता हे अक्षरच गाळते. कस्तुरी, वाच."

"रमण... टणउ... चल?" कस्तुरी खिदळली. "काहीच कळत नाही!"

"कारण पुढची सगळी अक्षरं सरकली. एखादं अक्षर जादा घुसलं तरी तसंच. म्हणून अक्षर बदलण्यापेक्षा गळणं किंवा घुसणं बहुतेक वेळा जास्त नडतं."

"पण चुका होतात कशाने?"

"कितीतरी नुसत्या उतरवताना. काही उन्हातल्या अतिनील किरणांनी, काही क्ष-किरणांनी, तंबाखूच्या धुरातल्या रसायनांनी. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. काहींनी आजार होतात. क्वचित एखादी उपयोगी पडते. तुझ्यातसुद्धा आईबाबांमध्ये नसलेले साठ-सत्तर बदल असतील. सगळ्यांत असतात."

रमणने कॅमेरा कस्तुरीकडे वळवला. "कस्तुरी वेगळी आहे. नियमाप्रमाणे कस्तुरी रोगट?"

बाबा हसता हसता खालीच बसले. कस्तुरीचे कान मात्र लाल झाले.

"आधी ती कात्री मिट," ती म्हणाली. "तुझं नाही चुकलं, माझा नियमच चुकलाय. नवा ऐक. वेगळं दिसलं की कापायचं नाही. लाल फीत बांधायची आणि विचारायचं."

"ही द्राक्षं चांगली निघतील ना पण?" बाबांनी विचारले.

"आज नाही सांगता येत," आत्या म्हणाली. "कदाचित आंबट निघतील, कदाचित पावसात तडकतील. ठेवूनच बघावं लागेल. पण द्राक्षांच्या काही नावाजलेल्या जाती अशाच एखाद्या वेगळ्या फांदीपासून आल्यात, दादा."

बाबांनी फांदीकडे पाहिले, मग कस्तुरीकडे. "बांध रे फीत," ते रमणला म्हणाले.

महिन्याभराने ती द्राक्षे पिकली. गोड निघाली, साल मात्र जरा पातळ होती. बाबांनी त्या फांदीचे डोळे वीस खुंटांवर, म्हणजे मुळे धरलेल्या दुसऱ्या वेलींच्या बुंध्यांवर, कलम करून बसवले. दीड वर्षाने त्यांना पहिले घड लागले, मणी चांगले दोन पेरे लांब. कस्तुरी वहीत मण्यांची मापे लिहीत बसली होती, इतक्यात बागेतून हाक आली.

"कस्तुरी! नववा खुंट. सगळे घड लांब, एक गोल. फीत बांधली आहे." मग रमणनेच विचारले, "असं का झालं?"

कस्तुरी चप्पल न घालताच धावत सुटली.